ॲक्रिलिक म्हणून गळ्यात मारलेली शीट

सोलापुरात घरी मासे पाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ॲक्रिलिक सांगून विकलेली माझ्यासारखी शीट आणखी कुणाच्या टाकीत वाळूखाली पडलेली असणार, याची मला खात्री आहे.

माझ्याकडे मलावी सरोवरातले सिक्लिड आहेत. हे मासे दिवसभर वाळू उकरतात, अगदी दगडाच्या बुडाखालची सुद्धा. मग दगड कलतो आणि त्याचं टोक थेट तळाच्या काचेवर येतं. म्हणून तळाशी प्लास्टिकची शीट टाकायची, दगड तिच्यावर नीट बसवायचे आणि मग वाळू पसरायची. टाकीचा तळ आतून ३६ बाय १५ इंच, आणि मला हवं होतं ५ मिमी ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक.

दुकानदाराने आधी फोम शीट पुढे केली. ती पाण्यावर तरंगते, वाळू सरकली की वर यायला बघणार, म्हणून नको म्हटलं. मग आतून दुसरी आली. "घ्या साहेब, ओरिजनल ॲक्रिलिक. फिश टँकवाले हेच नेतात." दोन्ही बाजूंना ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात ती फिल्म, तीही कोरी, कंपनीचं नाव कुठेच नाही. भाव २२० रुपये चौरस फूट.

हिशेब पावणेचार फुटांचा, पण चिठ्ठीवर लागले सहा फूट. "पंधरा इंच म्हणजे दोन फूटच धरावे लागतात, उरलेला तुकडा आमच्या काय कामाचा?" बरं, मग तो तुकडा मला द्या म्हटलं, तर तो तोवर टेबलाखाली गेलेला. ३ फूट बाय ९ इंचाचा तुकडा, म्हणजे ४९५ रुपयांचा माल, पैसे माझे आणि तुकडा त्याचा. एकूण १,३२० रुपये घेतले. पक्कं बिल मागितलं तर साध्या कागदावर "ॲक्रि. ५ मिमी, ६ फूट, जीएसटीसह" असं लिहून शिक्का मारला. जीएसटी नंबर कुठेच नाही.

कापताना त्याने पट्टी लावून कटरच्या तीन-चार रेघा ओढल्या आणि टेबलाच्या कडेवर दाबून शीट मोडली. कट्कन आवाज झाला, कडेला बारीक टवके उडाले. ५ मिमी ॲक्रिलिक तीन-चार रेघांत सहसा असं सहज मोडत नाही. हे मला नंतर नेमप्लेट बनवणाऱ्या एका कारागिराने सांगितलं.

काही आठवड्यांत माशांनी मोठ्या दगडाखालची वाळू काढली, दगड कलला आणि शीट तडकली. नुसती चीर नाही, त्रिकोणी अणकुचीदार तुकडे वाळूतून वर आलेले. एका माशाचं पोट खरचटलं. खालची काच वाचली, हे नशीब.

टाकी रिकामी करावी लागली. दीडशे लिटरच्या आसपास पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. पिंपात क्लोरीन उडण्यासाठी ठेवलेलं होतं तेवढंच पाणी हाताशी, त्यात मासे कसेबसे ठेवले आणि पाण्याच्या पाळीची वाट बघत बसलो. त्या दुकानदाराचा सगळ्यात जास्त राग मला याच गोष्टीचा आहे. पैशांचं एक वेळ सोडा, पण उन्हाळ्यात जीव टांगणीला लागला तो मुक्या प्राण्यांचा.

शीट होती पॉलिस्टायरीनची, फोटो फ्रेमला काचेऐवजी लावतात ती. ती विषारी नाही, पण ठिसूळ आहे. दिसायला हुबेहूब ॲक्रिलिक. साध्या पाण्यात टाकलं तर दोन्ही बुडतात, म्हणून तिथे फरक कळत नाही. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि शीटचा छोटा तुकडा टाका. त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून काढा. पॉलिस्टायरीनची घनता १.०५ च्या आसपास, या खाऱ्या पाण्याहून कमी, म्हणून ते वर तरंगतं. ॲक्रिलिकची १.१८ ते १.१९, म्हणजे जास्त, म्हणून ते तळाला जातं. माझा तुकडा तरंगला, कारागिराने दिलेला तुकडा बुडाला. जाडीही व्हर्नियरने मोजली, ३.७ मिमी भरली. ॲक्रिलिकच्या जाडीत थोडं कमी-जास्त चालतं, पण एवढं नाही.

दुसरी शीट त्या कारागिराकडूनच घेतली. पैसे देण्याआधी त्याच शीटची बोटभर पट्टी मागून मिठाच्या पाण्यात टाकून बघितली, त्यानेही काही कुरकुर केली नाही. पक्क्या बिलावर मालाचं नाव, जाडी आणि खरं माप लिहून घेतलं. चारी बाजूंनी ४ मिमी कमी कापली, कारण आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉन असतं आणि शीट त्यावर चढली तर मध्ये पोकळी राहते. वरच्या आडव्या काचपट्ट्यांमुळे अखंड शीट आत जात नव्हती, म्हणून दोन भाग केले आणि कडा पॉलिश पेपरने घासून घेतल्या.

पहिल्या दुकानात तुकडे घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "पाण्यात टाकलेल्या मालाची गॅरंटी नसते ओ." चिठ्ठीवरचं त्याचंच अक्षर दाखवलं, तेव्हा पाचशे रुपये काढून "मिटवून टाका" म्हणाला. घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. चिठ्ठी, तुटलेले तुकडे आणि टाकीचे फोटो जपून ठेवलेत.

तुमच्याकडे कोऱ्या फिल्मची अशी शीट असेल आणि वर दगड रचलेले असतील, तर पुढच्या पाण्याच्या दिवसाची वाट बघू नका. मोठे दगड आजच बाहेर काढा, शीटची तपासणी पाणी आलं की करा.