लेऑफ झालाय आणि ऑपरेशन ठरलंय: कोब्रा घ्यायचा, मार्केटप्लेसला जायचं की नवऱ्याच्या प्लॅनवर?

अमेरिकेत नोकरी गेली की आपल्या लोकांना पहिलं टेन्शन व्हिसाचं आणि दुसरं इन्शुरन्सचं, पण गुडघ्याचं नाहीतर पित्ताशयाचं ऑपरेशन आधीच ठरलेलं असेल तर दुसरंच पहिलं होऊन बसतं. आणि मग जो तो हप्त्यांचीच तुलना करत बसतो. माझं मत विचाराल तर हप्ता सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते अप्रूव्हल (ऑपरेशनला इन्शुरन्सची आगाऊ मंजुरी) कुठवर आलंय, यंदाचं डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) किती भरून झालंय आणि तुमचा सर्जन नव्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये (प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांत) आहे का.

कोब्रा म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचा जुनाच प्लॅन पुढे चालू ठेवू देणारा कायदा. कंपनी आत्तापर्यंत भरत होती तो वाटाही आता आपल्याच गळ्यात आणि वर २ टक्के. २० किंवा जास्त माणसांच्या कंपनीला हा कायदा लागू, नोकरी गेल्यावर १८ महिने मिळतात. केएफएफ या आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या सर्व्हेत कंपनीच्या फॅमिली प्लॅनचा पूर्ण हप्ता वर्षाला सरासरी २६,९९३ डॉलर होता, म्हणजे कोब्रावर महिन्याला साधारण २,३०० डॉलर, आकडा बघूनच लोक कागद बाजूला ठेवतात. पण घरातल्या प्रत्येकाला कोब्रा वेगवेगळा घेता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं! जिचं ऑपरेशन आहे तिच्या एकटीचा घ्या, बाकीच्यांना दुसरीकडे टाका. एकट्याचा सरासरी हिशोब महिन्याला ८०० डॉलरच्या आत येतो.

या पैशात काय मिळतं तर मिळालेलं अप्रूव्हल टिकतं, कारण प्लॅन तोच आहे, आणि भरलेलं डिडक्टिबलही टिकतं. नवा प्लॅन घेतलात की दोन्ही शून्यावर. सर्जनच्या ऑफिसने पुन्हा एमआरआय पाठवायचा, आधी किती आठवडे फिजिओ केलं ते लिहायचं, मग इन्शुरन्सवाले ऑपरेशन खरंच गरजेचं आहे का ते तपासणार, इमर्जन्सी नसेल तर त्यांना १५ दिवस असतात आणि कारण दाखवून आणखी १५ घेता येतात. आणि २०२६ च्या प्लॅनमध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी एका माणसाच्या खिशातून वर्षाला १०,६०० डॉलरपर्यंत जाऊ शकतात. ऑक्टोबरमध्ये जुन्या प्लॅनचं सगळं भरून झालेलं असताना स्वस्त हप्ता बघून नवा प्लॅन घेणं म्हणजे मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो. जानेवारीत मात्र हे गणित बरोब्बर उलटं, तेव्हा जुन्याचंही मीटर शून्यावरच असतं.

कोब्राची खरी डोकेदुखी हप्ता नाही, मधला गॅप आहे. कंपनीला नोकरी गेल्याचं ॲडमिनिस्ट्रेटरला (प्लॅनचा कारभार बघणाऱ्याला) कळवायला ३० दिवस, त्यानंतर त्याला तुम्हाला नोटीस पाठवायला १४, आणि तेवढे दिवस इन्शुरन्सच्या सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे ‘टर्मिनेटेड’. सर्जनच्या ऑफिसमधली बाई ऑपरेशनच्या आधी एलिजिबिलिटी, म्हणजे इन्शुरन्स चालू आहे का ते, चेक करते, तिला तेवढंच दिसतं आणि ती सरळ तारीख काढून टाकते. कोब्रा मागच्या तारखेपासून लागू होतो, आणि डॉक्टरच्या ऑफिसने विचारलं तर ह्या माणसाला तो घ्यायचा हक्क आहे हे प्लॅनने नीट सांगायला हवं असा नियमही आहे, पण फोनवरचा माणूस स्क्रीनवरची एक ओळ वाचतो आणि ठेवतो. म्हणून ‘कोब्रा ठरवायच्या मुदतीतले ६० दिवस थांब, काही झालं तरच घे’ हा जो सल्ला सगळे देतात तो धडधाकट माणसाला ठीक आहे, ठरलेल्या ऑपरेशनला अजिबात चालत नाही. कागद आले की लगेच फॉर्म भरा, पहिल्या हप्त्याला ४५ दिवस मिळतात ते विसरून लगेच पैसे भरा, मग इन्शुरन्सला फोन करून कव्हरेज ॲक्टिव्ह दिसतंय का, अप्रूव्हल नंबर तोच आहे का आणि तो कुठल्या तारखेपर्यंत चालेल हे विचारून लिहून घ्या, आणि मगच सर्जनच्या ऑफिसला पुन्हा चेक करायला सांगा.

मार्केटप्लेस म्हणजे स्वतःचा प्लॅन विकत घ्यायचा सरकारी बाजार. जुनं कव्हरेज गेल्यापासून ६० दिवसांत घ्यायचं, प्लॅन निवडल्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू, मागच्या तारखेने काही नाही. आधीचा आजार आहे म्हणून कुणी नाकारू शकत नाही, वर्षाचं उत्पन्न कमी झालं असेल तर हप्त्यावर सरकारी सबसिडीही मिळू शकते. एच-वन-बी व्हिसावाल्यांनो, २०२५ च्या कायद्याने तुमची ही सबसिडी २०२७ पासून बंद होणार आहे, प्लॅन घेता येईल पण पूर्ण पैसे देऊन. अप्रूव्हलचे कागद अजून गेलेच नसतील आणि ऑपरेशन तीन-चार महिने ढकलता येत असेल तर मी इथेच बघेन, फक्त सर्जन आणि हॉस्पिटल दोघेही नेटवर्कमध्ये हवेत, एक असून उपयोग नाही. आणि एक सापळा: कोब्रा घेतला तरी त्या ६० दिवसांत मार्केटप्लेसला उडी मारता येते, पण ते उलटून गेल्यावर महाग पडतोय म्हणून मध्येच सोडलात तर नुसत्या त्या कारणावर दार उघडत नाही, नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटची (सगळ्यांना प्लॅन घेता येतो त्या वार्षिक मुदतीची) वाट बघा.

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ऑफिसचा प्लॅन बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त, पण मुदत निम्मी, फक्त ३० दिवस. आणि कार्डावर त्याच इन्शुरन्स कंपनीचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, प्लॅन वेगळा म्हणजे अप्रूव्हल पुन्हा.

‘इंडियात जाऊन करून ये’ म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. कायमचं परत जायचं ठरलं असेल तर जरूर विचार करा, खिशातले पैसे धरून, कारण तिकडे नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. नोकरी नसताना एच-वन-बी वर बाहेर पडलात तर परत येण्याचा प्रश्न वेगळाच.

म्हणजे अप्रूव्हल हातात, डिडक्टिबल भरलेलं आणि तारीख दोन महिन्यांच्या आत असेल तर एकटीपुरता कोब्रा, डोळे मिटून. बरं, घरी सोडलं की संपलं असंही नाही, टाके, फिजिओ, पुन्हा तपासणी हे सगळं पुढच्या महिन्यांत येतं, तेव्हा तेवढे हप्ते आधीच हिशोबात धरा. अप्रूव्हल नाकारलं गेलं तर अपीलला १८० दिवस असतात, सर्जनला इन्शुरन्सवाल्यांच्या डॉक्टरशी थेट बोलायला लावा, बऱ्याचदा तिथेच सुटतं, पण अपील चालू असताना हप्ता चुकवू नका. पहिल्यानंतरच्या प्रत्येक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ती उलटली की कोब्रा बंद होऊ शकतो.