विहिरीपर्यंतची केबल: तांब्याची 4 एमएम की ॲल्युमिनिअमची 10?

डीपीजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) पेटीपासून विहीर 300 मीटरवर, 5 एचपीची थ्री फेज मोटर, करंट 10 अँपिअरच्या आसपास. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात असं वावर शोधायला लांब जावं लागत नाही. दुकानात दोन ड्रम समोर येतात आणि गल्ल्यावरचा माणूस ठरलेलं वाक्य टाकतो, "तांबं ते तांबंच." तो खोटं बोलत नाही, पण किती एमएमचं तांबं, म्हणजे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ किती चौरस मिलिमीटर, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही किंमत नाही.

केबलच्या तक्त्यात 4 एमएम तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स 20 अंशाला किलोमीटरमागे 4.61 ओहम असतो. ॲल्युमिनिअमच्या 6 एमएमचाही तोच, 4.61. एक नंबर जाड घेतली की बरोबरी झाली. 10 एमएम घेतली तर 3.08, म्हणजे ॲल्युमिनिअम पुढे गेलं. आता आपले 300 मीटर आणि 10 अँपिअर धरू:

तांबं 2.5 एमएम: तारेमागे 2.22 ओहम, घट 38 व्होल्ट, केबलमध्ये 667 वॅट वाया.
तांबं 4 एमएम: 1.38 ओहम, 24 व्होल्ट, 415 वॅट.
ॲल्युमिनिअम 10 एमएम: 0.92 ओहम, 16 व्होल्ट, 277 वॅट.

घट काढताना 1.73 गुणिले करंट गुणिले रेझिस्टन्स. वाया जाणारे वॅट काढताना करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, आणि तारा तीन म्हणून गुणिले 3. पॉवर फॅक्टर (मोटर ओढते त्या करंटचा खऱ्या कामाला लागणारा हिस्सा) धरला तर व्होल्टची घट यापेक्षा थोडी कमी भरते, वॅट मात्र तेच राहतात. उन्हात तापलेल्या केबलचा रेझिस्टन्स वाढतो, अंशामागे साधारण 0.4 टक्के. तार 60 अंशांवर गेली की वरचे आकडे 16 टक्क्यांनी चढवून वाचा. हे दोन्ही धातूंना सारखंच लागू आहे, त्यामुळे निवड त्याने बदलत नाही.

कुणी म्हणेल, वॅट वाया गेले तर गेले, बिल कुठे येतंय? एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, हे खरं. पण मोटरला बिलाशी घेणं नाही, तिला मिळणाऱ्या व्होल्टेजशी आहे. भर उन्हाळ्यात डीपीवरच 380 येत असतील तर 2.5 एमएमच्या शेवटी 342 उरतात. पाणी तर तितकंच उचलायचं असतं, मग मोटर करंट जास्त ओढते. 10 चे 12 अँपिअर झाले की केबलमधला तोटा जवळपास दीडपट होतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि वाइंडिंग तापत जातं. घड भरायच्या दिवसांत मोटर जळाली, तर रिवाइंडिंगच्या खर्चापेक्षा बागेला बसलेला ताण महाग पडतो. म्हणून 2.5 एमएम, मग ती तांब्याची का असेना, इतक्या लांबीला यादीतूनच काढा.

उरल्या दोन. जमिनीत गाडायची असेल तर माझं मत आर्मर्ड, म्हणजे वरून पोलादी कवच असलेल्या, ॲल्युमिनिअम 10 एमएमला. व्होल्टेज जास्त पोचतं, आणि उघड्यावरच्या तांब्यावर चोरांचा डोळा असतो तसा हिच्यावर नसतो. खोड एकच, सांधा. ॲल्युमिनिअमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, आणि तांब्याला नुसतं पिळून जोडलं तर तो जोड काही महिन्यांत ढिला होऊन तापतो. दोन धातूंच्या जोडाला बायमेटॅलिक लग (दोन्ही धातूंचा जोडतुकडा) आणि क्रिंपिंग, म्हणजे हत्याराने दाबून बसवणंच हवं. चांगला वायरमन मिळत नसेल, किंवा केबल दर हंगामाला उचलून दुसरीकडे न्यायची असेल, तर तांब्याची 4 एमएम घ्या. वारंवार वाकवलं की ॲल्युमिनिअमची तार तुटते. विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरणारी केबल मात्र तांब्याची फ्लॅटच, तिथे तुलनेचा प्रश्नच नाही.

जुनी केबल बदलायची की ठेवायची, हेही असंच मोजून ठरवता येतं. मल्टिमीटरच्या ओहमवर भरवसा ठेवू नका. स्वस्त मीटरच्या पिनांचाच रेझिस्टन्स मध्ये येतो, एक-दीड ओहम त्यातून नीट कळत नाही. त्यापेक्षा वायरमनला बोलवा, मोटर चालू ठेवून पेटीत आणि विहिरीवर दोन फेजमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. सोबत करंटही क्लॅम्प मीटरने मोजायचा. त्याच्या जबड्यात एकच तार हवी. अख्खी केबल धरली तर तिन्ही करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्याजवळ दाखवतं.

समजा पेटीत 395, विहिरीवर 365, करंट 10. फरक 30 व्होल्ट, त्याला 1.73 ने भागा, मग 10 ने. 1.73 ओहम आले, आणि पॉवर फॅक्टर धरला तर खरा आकडा याहून जास्तच. तांब्याच्या 4 एमएमला 1.38 यायला हवे होते. फरकातले 0.35 ओहम एकाच सांध्यात असतील, तर करंटच्या वर्गाने गुणून तिथे 35 वॅट होतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग इस्त्री साधारण तेवढ्याचीच असते, आणि इथे ती टेपच्या गुंडाळीत तासन्‌तास चालू. अशा वेळी नवा ड्रम आणण्याआधी मेन बंद करून सगळे सांधे उघडा, नव्याने क्रिंप करा आणि पुन्हा मोजा. आकडा 1.4 ते 1.6 च्या दरम्यान आला तर केबल बदलू नका.