डोक्यात गोष्ट तयार आहे, पण कादंबरी लिहू की गेम बनवू?

हिरो ठरलाय, व्हिलन ठरलाय, शेवट काय होणार तेसुद्धा ठरलंय, आणि तरी कित्येक महिने गाडी पुढे सरकत नाही, कारण हे कादंबरी म्हणून लिहायचं की गेम म्हणून करायचं हेच नक्की होत नाही. अशी मंडळी मला बरीच भेटतात आणि बहुतेक जण हा निर्णय "मला कोडिंग येतं का" किंवा "आजकाल वाचतंय कोण" यावरून घेतात. हे प्रश्न नंतरचे. आधी बघायचं ते हे, की तुमच्या गोष्टीत जो अवघड निर्णय येतो तो दुसऱ्या कोणीतरी घेताना आपण बघायला हवा, की तो स्वतःच्या हाताने घ्यायला लागला पाहिजे. बाकी सगळं त्यातून ठरतं.

आर्किटाइपचंच घ्या, म्हणजे गोष्टीगोष्टीत पुन्हापुन्हा भेटणारे पात्रांचे साचे. हिरो, गुरू, सोबती, वाटेत अडवणारा, रंग बदलणारा, हे साचे दोन्हीकडे तेच असतात पण कामं वेगळी करतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने आर्किटाइपकडे मनाच्या बाजूने बघितलं, म्हणजे माणसाच्या मनात खोलवर बसलेल्या प्रतिमा, सावली (म्हणजे स्वतःची दडवलेली बाजू), शहाणा म्हातारा वगैरे. लोककथांचा अभ्यासक व्लादिमिर प्रॉपने मात्र १९२८ साली रशियन परीकथांचा अभ्यास मांडताना पात्र कोण आहे हे बाजूला ठेवून ते काय करतं तेवढंच मोजलं, आणि ३१ कामं आणि ७ प्रकारची पात्रं एवढ्यात सगळं बसवलं. माझं मत असं की कादंबरी युंगकडे झुकते आणि गेम प्रॉपकडे. गेममधलं पात्र खेळणाऱ्याला आधी कळतं ते त्याच्या कामावरून, हा दार उघडून देतो, ही जखम बरी करते, हा रस्ता अडवतो, स्वभाव मग हळूहळू त्या कामाला चिकटत जातो. तेव्हा तुमची पात्रं तुम्हाला "ती अशी आहे" म्हणून सुचतात की "ती हे करते" म्हणून, हे एकदा प्रामाणिकपणे तपासा.

हिरोपाशी फरक सगळ्यात जास्त जाणवतो. कादंबरीतल्या हिरोला वाचकापेक्षा जास्त माहीत असलं तरी चालतं, तो लपवू शकतो, स्वतःशी खोटं बोलू शकतो, दारापाशी उभं राहून आत जाऊ की नको यात त्याची तीन पानं गेली तरी वाचक बसून राहतो. गेममध्ये हिरो आणि खेळणारा एकाच कातडीत असतात आणि दोघांना माहीत असलेलं मात्र वेगळं असतं, तिथेच सगळी ओढाताण. "द विचर" हे चांगलं उदाहरण आहे. त्यातला हिरो गेराल्ट मुळात कथा-कादंबऱ्यांमधला, त्याची पहिली कथा १९८६ ची, त्याला जुनी नाती आहेत, भूतकाळ आहे, आणि २००७ साली त्याच्यावर पहिला गेम आला तेव्हा त्याची स्मृती गेलेली दाखवली. खेळणाऱ्याला काही माहीत नाही, मग हिरोलाही काही आठवत नाही, हिशोब जुळला. दुसरा उपाय १९९८ च्या "हाफ-लाइफ" चा, तिथला हिरो एक शब्द बोलत नाही, त्यामुळे त्याच्या मनात काय आहे हा प्रश्नच उरत नाही, जे तुमच्या मनात तेच त्याच्या.

म्हणून तुमचा हिरो काही लपवणारा असेल, किंवा गोष्टीची सगळी मजा त्याच्या कोलांट्या मारणाऱ्या विचारांत असेल, तर माझा सल्ला सरळ कादंबरीचा. ज्याला आपणच चालवतोय त्यानेच आपल्यापासून गुपित ठेवलं तर खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, अगदी भारी लेखकालाही हे जमवताना घाम फुटतो.

गुरूच्या बाबतीत गेमला एक गोष्ट आयती मिळते. कादंबरीत गुरू हिरोला शिकवतो, आपण लांबून बघतो. गेममध्ये गुरू प्रत्यक्ष तुम्हाला शिकवतो, हे बटण दाब, इथून उडी मार, आणि ते खरंच उपयोगी पडतं, त्यामुळे विश्वास खराखुरा बसतो. २००७ च्या "पोर्टल" मध्ये ग्लॅडोस नावाच्या कॉम्प्युटरचा आवाज सुरुवातीपासून सूचना देतो, आपण त्याप्रमाणे वागत राहतो, आणि तोच आवाज आपल्या जिवावर उठलाय हे कळतं तेव्हा धक्का बसतो तो स्वतःला, पात्राला नाही. तुमच्या गोष्टीत विश्वासघात मध्यभागी असेल तर यावर नीट विचार करा.

आता सोबती, आणि इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे कारण माझ्या मते गेमची खरी ताकद इथे दिसते. कादंबरीत सोबत्यावर जीव जडायला प्रसंग लागतात, संवाद लागतात, त्याच्या सवयी, त्याचं चिडणं, त्याचं गप्प बसणं, आणि हे सगळं लेखकाने वाक्यावाक्याने उभं करायचं. गेममध्ये नुसत्या उपयोगातून माया लागते. त्याच "पोर्टल" मध्ये बदामाचं चिन्ह रंगवलेला एक ठोकळा आहे, तो बोलत नाही, हलत नाही, फक्त एका चेंबरमध्ये आपल्याला सगळीकडे तो न्यावा लागतो, आणि शेवटी तो भट्टीत टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि लोकांना खरंच वाईट वाटतं. एका ठोकळ्याचं! १९९७ च्या "फायनल फँटसी ७" मध्ये एअरिथ ही सोबतीण मरते तेव्हा गोष्टीतलं पात्र जातंच, पण जिला तुम्ही कित्येक तास वाढवलं, शस्त्रं दिली, जिच्या भरवशावर लढाया काढल्या ती तुमच्या टीममधून जाते, ती उणीव पुढच्या लढाईत हाताला जाणवते.

आणि "ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स" (२०१३, शेवट माहीत करून घ्यायचा नसेल तर हा परिच्छेद सोडा). त्यात दोन भाऊ आहेत, कंट्रोलरची एक बाजू मोठ्या भावाची, दुसरी धाकट्याची. धाकटा पाण्याला घाबरतो, म्हणून नेहमी मोठ्याच्या पाठीवर बसून पोहतो. मोठा भाऊ जातो, कंट्रोलरची ती बाजू निकामी होते, आणि मग पाणी आडवं येतं आणि धाकट्याला पोहायला लावायचं तर मोठ्या भावाचं बटण दाबावं लागतं. समजेल असा संवाद एक नाही. हे कादंबरीत लिहिताच येणार नाही असं मी म्हणत नाही, पण लिहिलं तर त्यासाठी पूर्ण वेगळा मार्ग शोधावा लागेल, कारण हे दुःख बोटांमधून पोचतं.

व्हिलनला कादंबरीत स्वतःचं प्रकरण देता येतं, त्याच्या डोक्यात शिरता येतं. गेममध्ये बहुतेक वेळा तो आवाजातून, सापडलेल्या चिठ्ठ्यांतून, त्याने उद्ध्वस्त केलेल्या जागांतून कळतो. तुमचा व्हिलन समजून घ्यावा असा असेल तर कादंबरी सोपी पडते, नुसता अडवणारा असेल तर दोन्हीकडे चालतो.

शेवटाचं मात्र गंभीरपणे घ्या. शोकांतिका असेल, म्हणजे हिरो आपल्याच स्वभावामुळे खड्ड्यात जातो आणि दुसरं काही होऊच शकत नव्हतं असं वाटायला हवं असेल, तर कादंबरी. गेममध्ये खेळणारा लगेच म्हणतो की मी असं केलंच नसतं. २००७ साली "बायोशॉक" आला तेव्हा गेम डिझायनर क्लिंट हॉकिंगने हीच तक्रार मांडली, की खेळताना स्वार्थ बघायची मुभा आहे पण गोष्ट मात्र दुसऱ्याला मदत करायलाच लावते, आणि या विसंगतीला त्याने ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स हे नाव दिलं. मग निवडी द्या म्हणाल तर गणित बघा, दोन-दोन पर्यायांच्या फक्त १० निवडी आणि प्रत्येक फांदी वेगळी ठेवली तर १०२४ शेवट होतात. कोणी लिहायचे? म्हणून फांद्या फुटतात आणि थोड्या वेळाने परत एकाच वाटेला आणून मिळवतात, आणि ते मिळवणं खेळणाऱ्याला खटकू न देणं हेच गेम लिहिण्यातलं अर्धं काम आहे.

माझ्या या सगळ्या वाटणीला छेद देणारा एक गेम आहे आणि तो सांगायलाच हवा. "डिस्को एलिझियम", २०१९. त्याच जगातली त्याच्या मुख्य लेखकाची कादंबरी आधी, २०१३ मध्ये, एस्टोनियन भाषेत आली होती. गेममध्ये हिरोची २४ कौशल्यं त्याच्या डोक्यात त्याच्याशी बोलतात, भांडतात, चुकीचे सल्ले देतात, म्हणजे जे मनातलं बोलणं मी कादंबरीच्या खात्यात टाकलं तेच इथे खेळायची पद्धत झालं. स्मृती याचीही गेलेली आहे, बरं का. पण त्यासाठी सुमारे १० लाख शब्द लिहावे लागले, ही किंमतही लक्षात ठेवा.

खर्च आणि माणसं यावर फार बोलत नाही. कादंबरी एकट्याने होते. मोठ्या गेमला टीम लागते, पण शब्दांवर चालणारा छोटा गेम एकट्याला जमतो, ट्वाइन आणि रेनपाय ही दोन्ही साधनं फुकट आहेत, आणि ट्वाइनमध्ये साधी गोष्ट करायला कोडिंग जवळपास लागतच नाही.

तेव्हा एवढं करा. सुरुवात नको, शेवट नको, गोष्टीतला मधला एक प्रसंग घ्या जिथे हिरोला काहीतरी ठरवायचंय. तो दोन पानांत गद्य म्हणून लिहा, मग तोच ट्वाइनमध्ये तीन-चार निवडी देऊन बांधा, आणि दोन्ही अशा माणसाला द्या ज्याला गोष्ट माहीत नाही. काही समजावून सांगू नका, नुसतं ऐका. पानं वाचून त्याने "मग पुढे काय झालं त्याचं?" असं विचारलं तर कादंबरीला बसा, आणि निवडी करून झाल्यावर तो "थांब, मला परत जाऊन दुसरं करून बघू दे" म्हणाला तर गेमला.