गरमागरम मसालेदार सायडर: अख्ख्या सफरचंदाचा की विकतच्या कॅनचा?

न्यूजर्सीतल्या मावसबहिणीचा फोन, शनिवारी पंधरा माणसं जेवायला आहेत आणि अॅपल पिकिंगची, म्हणजे बागेत जाऊन स्वतः तोडून आणलेली, पिशवीभर सफरचंदं घरात पडलीत, तर सायडर त्यांचाच करू की गॅलनचा (साधारण पावणेचार लिटरचा) कॅन आणू? (अमेरिकेत सायडर म्हणजे न गाळलेला रस, दारू नाही, सासूबाईंना आधीच सांगून ठेव.)

मी दोन्ही केलंय. सफरचंदाचा करायचा तर 10 फळं चिरून, अडीच लिटर पाणी, दालचिनीचे 2 तुकडे, 5-6 लवंगा, संत्र्याची साल, आणि मंद गॅसवर अडीच-तीन तास, मग मऊ झालेलं सगळं डावाने ठेचून फडक्यातून पिळायचं, हात भाजतात बरं का. एवढं करून मिळतो दोनेक लिटर, आणि चव जरा पातळ, साखर घालावीच लागते. पण घरभर वास सुटतो आणि उरलेल्या चोथ्यातली लवंग-दालचिनी वेचून त्याचा शिरा होतो, मस्त लागतो.

कॅनवाला तेच मसाले घालून गरम केला की 20 मिनिटांत तयार, रस मुळातच दाट, साखर नको. फक्त उघडल्यावर आठवड्यात संपव नाहीतर आंबतो.

खर्चाचं म्हणशील तर फळं विकत आणून केलास तर घरचाच महाग पडतो.

दोन्हीत दालचिनीची पूड नको, तळाशी चिकट गाळ बसतो. लवंगा जास्त झाल्या की दातदुखीचं औषध.

पंधरा माणसांना कॅनच आण. सफरचंदं रविवारी, तुम्ही चौघंच असाल तेव्हा.