व्हिडिओतला १७.४ चा आकडा माझ्याच गाडीचा आहे, तरी ती डबी घेऊ नका

गेल्या महिन्यापासून आमच्याकडच्या द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. फॉर्च्युनरच्या आतून काढलेला. स्क्रीनवर ॲव्हरेज १७.४, म्हणजे लिटरला १७.४ किलोमीटर. स्टिअरिंगवर बसलेला मिशीवाला गडी आकड्याकडे बघतो, हसतो आणि म्हणतो, "मानलं बुवा!"

तो मिशीवाला मी. व्हिडिओ खरा, आकडा खरा, हसूही खरं. पण डिझेल वाचवते म्हणून त्या व्हिडिओवर जी डबी खपवतात, ती खोटी आहे. माझं तोंड बघून आतापर्यंत दोघांनी पैसे भरले, म्हणून ही लाज चव्हाट्यावर मांडतोय.

माझी बाग पिंपळगाव बसवंतच्या शिवारात. दोन वर्षांपूर्वी जुनी, २०२१ सालची फॉर्च्युनर घेतली. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक, वजन दोन टनांच्या वर. वाशी मार्केट, नाशिक, बाग असं धरून महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज होतात. आबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हत्ती दारात बांधलास, आता चारा घाल." चारा म्हणजे महिन्याला साधारण २०० लिटर, लिटरला नव्वद धरले तरी १८ हजार रुपये. कोणी विचारलं की मी सांगायचो, "देते नऊ-दहा." पण कधी मोजलं होतं का? नाही. द्राक्षाचे घड जीएच्या (मणी फुगवायच्या औषधाच्या) पाण्यात बुडवताना त्याचं प्रमाण चुकलं तर मी गड्यांवर खेकसतो, आणि १८ हजारांचं डिझेल अंदाजपंचे!

एका कृषी प्रदर्शनात, ठिबकच्या आणि फवारणी यंत्रांच्या स्टॉलांच्या मधे, तो भेटला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, तोंडात साखर. "शेठ, ही चिप गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलते. तुमची चालवायची पद्धत शिकते आणि डिझेल लागेल तेवढंच सोडते. तीस टक्के फरक, लिहून देतो." काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी. स्टिअरिंगखाली मेकॅनिक स्कॅनर लावतात ना, त्या ओबीडी पोर्टमध्ये खोचायची. 'मोठ्या डिझेल गाड्यांसाठी खास' म्हणून किंमत १४,५००. अशाच डब्या ऑनलाइन काही शे रुपयांना मिळतात, हे मला नंतर कळलं.

कॅल्क्युलेटरवर त्याने १८ हजारांचे तीस टक्के काढून दाखवले. महिन्याला ५,४०० वाचणार, तीन महिन्यांत पैसे वसूल. इथेच पहिली मेख होती. ॲव्हरेज तीस टक्क्यांनी वाढलं म्हणजे डिझेल तीस टक्क्यांनी कमी होत नाही. दहाचे तेरा झाले, तर दोन हजार किलोमीटरला २०० ऐवजी १५४ लिटर लागतात. वाचतात ४६ लिटर, म्हणजे चार हजार शंभर-दीडशे. डबी खरी असती तरी बाराशे रुपये हवेतच होते. चौथीच्या पोराला येणारं गणित, पण समोरचा पटापट बोटं चालवत असला की आपण नुसती मान डोलावतो.

मी का-कू करायला लागलो तसा तो म्हणाला, "आधी बघा शेठ, मग पैसे द्या." या वाक्यावर मी पाघळलो. जो आधी पैसे मागत नाही तो चोर कसा असेल?

ठरलं असं, की मी वाशीला निघेन तेव्हा तो बरोबर येणार. पहाटे पाचला पिंपळगावातून निघालो. त्याने ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि म्हणाला, "रोज चालवता तशीच चालवा, हातचं राखू नका." एसी त्यानेच फुल केला. ओझर, नाशिकचा उड्डाणपूल, विल्होळी, घोटी. रस्ता मोकळा होता, काटा शंभर-एकशेदहावर. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा स्क्रीनवर ९.८. त्याने मोबाइलमध्ये फोटो घेतला. मग डबी खोचली. हिरवा, लाल, निळा असे तीन दिवे लुकलुकले. ट्रिप मीटर परत शून्य. आणि गाडी सुरू करताना सहज म्हणावं तसं म्हणाला, "चिप नवी आहे, सुरुवातीला ऐंशीच्या वर नेऊ नका. आणि गार हवा आहे शेठ, एसी कशाला?"

इगतपुरीच्या पुढे काय आहे, हे नाशिककराला सांगायला नको. कसारा घाट! इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, आणि तिथून शहापूरपर्यंत एकूण उतारच उतार. आजच्या डिझेल गाडीत गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतात. गाडी वजनाच्या जोरावर पळते आणि इंधन शून्य. (म्हणूनच घाटात न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे दोनदा चुकतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, आणि दोन टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पाय दाबूनही काही होत नाही.) वर ऐंशीचा वेग, एसी बंद. शहापूरला स्क्रीनवर १७.४ आला नसता तरच नवल होतं. मी मात्र हसलो आणि "मानलं बुवा" म्हणालो. मागच्या सीटवरून त्याचा मोबाइल चालू होता, तेव्हा मला वाटलं कंपनीला दाखवायला घेत असेल.

शहापूरला तो उतरला. "इथे अजून एका गाडीला बसवायचीये." पैसे मी तिथेच यूपीआयने दिले, कोणा माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, "व्हॉट्सॲपला टाकतो."

परतताना तोच घाट चढून वर आलो. घरी पोचलो तेव्हा ८.९.

फोन लावला. "शेठ, ईसीयूला शिकायला दोनशे किलोमीटर लागतात." दोनशे झाले. "तुमची मोठी गाडी, पाचशे धरा." पाचशे झाले. "एअर फिल्टर बघा." तो बदलला. "पंपावरचं डिझेल बघा." पंप बदलला. मग त्याने त्याच्या 'सीनियर'ला फोन दिला. सीनियरचा नवा सूर: चिपला गाडीचं ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) आणि डीपीएफ आडवं येतंय, ते काढून ईसीयू रीमॅप केला, म्हणजे त्याचं सेटिंग बदललं, की अठराच्या खाली येणार नाही. ४० हजार, पाच हजार आगाऊ. मी गूगल पे उघडलंही होतं.

तेवढ्यात पुतण्या आला. नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. ऐकून आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "काका, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती काढणं कायद्यात बसत नाही, आणि उद्या इंजिनचं काही झालं तर वॉरंटीवाला हात वर करेल. आधी मला ती डबी दाखवा."

गाडीची चावी माझ्या खिशात, गाडी दुपारपासून शेडमध्ये उभी, आणि डबीचे दिवे मजेत लुकलुकत होते. इंजिन बंद असताना ही कोणाशी बोलतेय, असं त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने डबी उपसली, खाचेत पेचकस घालून टोपण उचकटलं. आत बोटाएवढी हिरवी पट्टी, एक काळी चिप, तीन एलईडी, एक बटण, दोन-चार बारीकसारीक भाग. मग त्याने पिना मोजल्या. ओबीडी पोर्टला सोळा पिना असतात. सोळावीवर बॅटरीचा प्लस कायम चालू असतो, चौथी आणि पाचवी अर्थिंगच्या. गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती लाइन सहावी आणि चौदावी. मल्टिमीटरची टोकं लावून त्याने मला एकेक दाखवली. सोळावी जोडलेली. चौथी जोडलेली. सहावी, चौदावी: पितळी पिना नुसत्या उभ्या, मागे एक तारही नाही. "काका, हिला तोंडही नाही आणि कानही नाहीत. बॅटरीवर दिवे लावते, बस."

माझा पीळ तरी जाईना. म्हटलं, मोजून बघू. त्यासाठी दुसरी, तसलीच डबी त्याने ऑनलाइन मागवली, कारण पहिलीचं टोपण आम्ही फोडलं होतं. मोजायची रीत त्यानेच घालून दिली. एकच पंप, एकच नोझल, टाकी फुल करायची ती पहिल्या ऑटो कटलाच थांबायची. पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू का?" म्हणाला तरी नाही म्हणायचं, कारण फेस बसल्यावर लिटर-दोन लिटर सहज मावतात आणि तिथेच हिशेब बिघडतो. मागच्या फुलपासूनचे किलोमीटर भागिले भरलेले लिटर. डबी लावून तीन टाक्या, डबी काढून तीन टाक्या, दर वेळी साठ लिटरच्या आसपास. दोन महिने लागले.

डबीसकट: ११.२, १०.९, ११.४. डबीविना: ११.३, ११.०, ११.४.

आता यातली गंमत बघा. डबी असो-नसो, अकरा! मग माझे नऊ-दहा कुठे गेले? वही घेऊन मोजायला लागलो तसा माझा उजवा पाय आपोआप हलका झाला होता. त्या डब्या विकणाऱ्यांचं निम्मं पोट यावर भरतं. डबी बसवलेला माणूस आठवडाभर आकड्याकडे बघत जपून चालवतो, अर्धा-एक किलोमीटरचा फरक पडतो आणि तो शपथेवर सांगतो की चिप भारी आहे. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, शंभरावर अशी इंधन वाचवणारी उपकरणं तपासली आणि ॲव्हरेज ठळकपणे वाढवणारं एकही सापडलं नाही, हे पुतण्याने वाचून दाखवलं. कारणही साधं आहे. डिझेल इंजिनात हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त असते, आत गेलेलं डिझेल जवळपास सगळं जळतं. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून. 'अजून चांगलं जाळू' म्हणणाऱ्याला जाळायला शिल्लकच काही नसतं.

मग पुतण्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. चारही चाकांत हवा २५-२६, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा कमी. गेल्या हंगामात क्रेट न्यायला टपावर बसवलेलं कॅरिअर तसंच. मागे फवारणीचं सामान, पाण्याचे दोन कॅन, जुनी बॅटरी. पॅकिंग शेडपुढे एसी लावून अर्धा-अर्धा तास व्यापाऱ्याशी फोनवर बोलायची माझी सवय तर त्याला आधीपासून ठाऊक होती. मोठं डिझेल इंजिन जागेवर उभं राहून तासाला लिटरभर पिऊ शकतं. डीपीएफचा दिवा लागला की मी तो सरळ दुर्लक्षित करायचो. घर ते बाग, बाग ते घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती जाळी तापतच नाही, काजळी साठते, ती जाळायला गाडी जास्तीचं डिझेल फवारते आणि मी मधेच इंजिन बंद करून ते पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचो. आता दिवा लागला की पिंपळगावहून ओझरपर्यंत एका दमात चक्कर मारून येतो.

सगळ्यात मोठा हिशेब वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८५ वरून ११० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि फॉर्च्युनरचं तोंड म्हणजे वाऱ्यापुढे धरलेलं कपाट. हायवेला ८५-९० धरलं तर वाशीला पोचायला फार तर अर्धा तास जास्त लागतो. सौ म्हणते, "अहो, आता तुमच्या शेजारी बसून झोप तरी लागते."

हल्ली साडेबाराच्या आसपास पडतं, त्याच पंपावर, त्याच रीतीने मोजून. महिन्याला चारेक हजार वाचतात. म्हणजे डबीवाल्याचं खरं गणित जेवढं येत होतं, जवळपास तेवढेच.

पैसे गेले ते गेलेच. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण मधे दोन महिने घालवलेले. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "एवढे दिवस काय करत होता?" तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तर खातं गोठवता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बिल मागतात, ते माझ्याकडे नव्हतंच. डबीवाल्याचा नंबर बंद आहे. व्हिडिओ तेवढा चालू आहे.

परवा निफाडहून एकाचा फोन आला. "दादा, व्हिडिओतले तुम्हीच ना? माणूस आलाय दारात. उद्या इगतपुरीवरून डेमो देतो म्हणतोय. घेऊ का?"

मी म्हटलं, "डेमो घे की. फक्त त्याला म्हणावं, शहापूरहून इगतपुरीला चढताना दाखव."

तासाभराने त्याचा परत फोन आला. माणूस चहासुद्धा न घेता निघून गेला होता.