‘मायनेता’ संकेतस्थळ: सत्ताधारी आणि विरोधी उमेदवारांच्या तुलनेसाठी कितपत उपयोगी?

२०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील महायुती आणि महाविकास आघाडी यांच्या उमेदवारांची पार्श्वभूमी शेजारी शेजारी ठेवून पाहायची असेल, तर सामान्य मतदारासाठी ‘मायनेता’ हे सर्वांत उपयोगी साधन आहे, असे माझे मत आहे. हे संकेतस्थळ ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था चालवते. याच संस्थेने लढवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला आणि गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर देणे उमेदवारांना भाग पडले.

मतदारसंघ निवडला की पक्ष, खटले, शिक्षण, मालमत्ता आणि देणी यांसह उमेदवारांची यादी उघडते. त्यातला खटल्यांचा आकडा चटकन नजरेत भरतो; पण केवळ त्यावरून मत बनवू नये, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. विरोधात बसणाऱ्यांवर आंदोलनांचे गुन्हे दाखल होतातच. जुन्या दंड संहितेतील कलम १४३ म्हणजे बेकायदा जमाव आणि कलम १८८ म्हणजे सरकारी आदेशाचा भंग. अशा पाच खटल्यांचा उमेदवार आणि खुनाच्या प्रयत्नाचा, म्हणजे कलम ३०७ चा, एकच खटला असलेला उमेदवार यांना एका मापाने मोजता येत नाही. उलट, आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय सरकारच घेत असल्यामुळे सत्तेजवळ असलेल्याची पाटी अधिक स्वच्छ दिसू शकते. म्हणूनच उमेदवाराच्या पानावरचा, कलमे, न्यायालय आणि आरोपनिश्चितीची तारीख देणारा तक्ता वाचायलाच हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने नव्या गुन्ह्यांत १८८ च्या जागी २२३ दिसेल, तेवढे ध्यानात ठेवावे.

मोठी उणीव अशी, की पक्षनिहाय गोषवारा मिळतो, पण आघाडीनिहाय बेरीज आपली आपणच करावी लागते. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या दोन्ही पक्षांत फूट पडल्यानंतर २०१९ चे आकडे २०२४ च्या आकड्यांशी पक्षाच्या नावावरून जुळवणेही फसवे ठरते. तिथे उमेदवाराच्या आधीच्या निवडणुकांतील शपथपत्रांची नोंद कामी येते. माणूस कोणत्याही बाजूला गेला, तरी त्याच्या मालमत्तेतील वाढ आणि खटल्यांतील घट-वाढ तिथे सलग दिसते. निकालानंतर संस्थेने तपासलेल्या २८६ विजयी उमेदवारांपैकी १८७ जणांनी स्वतःवरील खटले जाहीर केले होते, त्यामुळे ही तपासणी एकाच बाजूची करून भागणार नाही.

मूळ शपथपत्रे बहुधा मराठीत असताना त्यांचा तपशील इंग्रजीत वाचावा लागतो, हे मला खटकते. काही शपथपत्रांच्या प्रतीही पुसट आहेत. शिवाय सारी माहिती उमेदवाराने स्वतः दिलेली असते, संस्था तिच्या खरेपणाची हमी देत नाही. या मर्यादा धरूनही मी पाचपैकी चार गुण देईन. आघाडीनिहाय गोषवारा आणि मराठी आवृत्ती मिळाली, तर पाचवाही आनंदाने देईन.