५१ मिमीचा युनिव्हर्सल सायलेन्सर: ३५० सीसीला चालेल, १२५ सीसीला नको

इंदुरात स्पेअरच्या दुकानात मोटरसायकलचा सायलेन्सर मागितला की बहुतेकदा हाच माल पुढे येतो: ५१ मिमी तोंडाचा आखूड स्टीलचा डबा, दोन-तीन रिड्युसर (बारीक पाईपला तोंड जुळवणाऱ्या रिंगा), एक क्लॅम्प. "भिया, सगळ्या गाड्यांना बसतो." बसतो, यात खोटं काही नाही. इंजिनाला मानवतो का, ते काउंटरवर कोणी सांगत नाही.

सिंगल सिलिंडरमधून जळका वायू धक्क्याधक्क्यानं बाहेर पडतो. नळी बेताची असली तर तो जोरात निघतो आणि त्याच्यामागे पडलेला कमी दाब सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. नळी उगाच रुंद किंवा आखूड केली की ही ओढ मोडते आणि पहिला फटका खालच्या आरपीएमच्या टॉर्कला, म्हणजे ताकदीला, बसतो. मेकॅनिक याला "बॅक प्रेशर गेलं" म्हणतात; खरं तर गेलेला असतो वायूचा वेग.

१०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत बेंड पाईप (इंजिनातून निघणारा वाकडा पाईप) आणि सायलेन्सर एकसंध असतो. हा डबा लावायचा तर पाईप कापावा लागतो. लांबी जाते, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मागच्या भागात असेल तर तोही जातो, आणि कापलेला पाईप परत जुळत नाही. मग सराफ्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर गचके आणि भेरूघाटात डबलसीट असताना सतत एक गिअर खाली. मिळतो तो फक्त आवाज. या गाड्यांसाठी आमचं मत सरळ नकाराचं.

३५० सीसीच्या बुलेट-क्लासिकला बेंड पाईप वेगळा असतो. तो मूळचाच ठेवून नुसता मागचा डबा बदलला तर टॉर्कमध्ये फारसा फरक पडत नाही. रिड्युसर मात्र व्हर्नियरनं मोजूनच घ्या. तो हातानं घट्ट सरकला पाहिजे; सैल सांधा क्लॅम्प आवळून बंद होत नाही. सांध्यातून हवा शिरली की थ्रॉटल सोडताना फटाके वाजतात. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज घसरतं.

बसवताना सगळे नट आधी सैल ठेवा. डबा फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर रबर बुशसकट टेकवा, मग पुढून मागे आवळत या. ब्रॅकेटशिवाय नुसता क्लॅम्पवर लोंबकळणारा डबा खड्ड्यांत वेल्डिंगला तडा पाडतो. मधल्या स्टँडचा टेकू मूळ सायलेन्सरवर असेल तर त्याची वेगळी सोय करा, नाहीतर स्टँड चेनला लागतो.

डीबी किलर, म्हणजे डब्याच्या तोंडातली आवाज दाबणारी नळी, काढू नका. नव्या गाडीसाठी आवाजाची मर्यादा ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यावर ८० डेसिबल आहे, पण ती चाचणी ७.५ मीटरवरून जाणाऱ्या गाडीची. दुकानदार नळीजवळ मोबाइल धरून दाखवतो त्या आकड्याला काही अर्थ नाही. आतलं ग्लास वूलही (आवाज शोषणारं काचतंतूंचं पॅकिंग) जळत जातं, त्यामुळे आज सुसह्य वाटणारा आवाज पुढे चढतोच. पॅकिंग बदलण्यासाठी टोपी रिव्हेटची किंवा बोल्टची असलेलाच डबा घ्या. वेल्ड केलेला नको.

लोहचुंबक लावून स्टील पारखण्यावर फार विसंबू नका. ३०४ ग्रेडच्या स्टीलला चुंबक सहसा धरत नाही, पण कंपन्या वापरतात ते ४०९ला धरतो आणि तेही चांगलंच स्टील आहे.

यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स १००वाल्यांनी तर या डब्याकडे बघूही नये. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा फुगवटा आणि निमुळता भाग मिळून निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलतात. सरळ नळीच्या डब्यात ते होणारच नाही.